भूमिगत खाणीत ड्रायव्हरविना चालणाऱ्या एलएचडीला स्वतःची जागा कशी कळते, आणि ती सहा मीटर का चुकते

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजस्थानातल्या एका धातूच्या भूमिगत खाणीत १७ टनी एलएचडी (माल भरून, वाहून ओतणारी लोड-हॉल-डंप मशीन) ड्रायव्हरविना चालवायची आहे. ड्रॉ पॉइंटवर (फोडलेलं खनिज उचलायच्या जागी) माल भरायचा, साधारण ४०० मीटरचा हॉलेज ड्राइव्ह (वाहतुकीचा बोगदा) पार करायचा आणि ओअर पासमध्ये (खनिज खाली सोडायच्या विवरात) ओतायचा. मशीनवर थ्रीडी लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) आणि एमईएमएस प्रकारचा, म्हणजे चिपवरचा स्वस्त, आयएमयू (वळणं आणि हालचाल मोजणारा सेन्सर) बसवला आहे, ओपन सोर्स स्लॅम (चालता चालता मॅप बनवून त्यात स्वतःची जागा शोधणारं सॉफ्टवेअर) चालवलं आहे, मॅपही दिसायला छान येतो. पण ओअर पासपाशी पोचेपर्यंत मशीन स्वतःला सहा-सात मीटर मागेच समजते. आता महागडा फायबर ऑप्टिक जायरो (दिशेतला बदल मोजणारा सेन्सर) घ्यावा की संपूर्ण ड्राइव्हभर यूडब्ल्यूबी अँकर (रेडिओ लहरींनी मशीनपर्यंतचं अंतर मोजणारी, भिंतीवरची उपकरणं) लावावेत? मुळात किती अचूकता लागते? आणि हीच व्यवस्था पुढे नागपूर-भंडाऱ्याकडच्या मँगनीज खाणीत किंवा कोळशात चालेल का?

दोन्ही खरेद्या सध्या थांबवा. तुमच्या वर्णनातला सगळ्यात कामाचा शब्द "मागे" हा आहे. मशीन डावी-उजवीकडे चुकत नाही, दिशाही चुकत नाही, फक्त बोगद्याच्या लांबीत मागे पडते. बोगद्यातली जागा म्हणजे एकच आकडा नसतो. लांबीत आपण कुठे आहोत, रुंदीत कुठे आहोत आणि तोंड कुठल्या दिशेला आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येक सेन्सर त्यातल्या एखाद्या-दोहोंचंच उत्तर नीट देतो. कुठला सेन्सर कुठल्या प्रश्नासाठी, हे ठरवल्याशिवाय नवीन सेन्सर विकत घेतला तर बरेचदा ज्या दिशेत आधीच अचूकता आहे तिथेच ती वाढते.

आधी अचूकतेचं बघू. तुमच्या ड्राइव्हची रुंदी लिहिलेली नाही, म्हणून ५ मीटर धरतो. या वर्गातली एलएचडी साधारण ३ मीटर रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंना कागदावर एकेक मीटर मोकळा. ब्लास्ट केलेल्या भिंतीचे कोपरे, व्हेंटिलेशन डक्ट, पाण्याचे पाइप आणि केबल यांतून प्रत्यक्षात ६०-७० सेंटिमीटर उरले तरी नशीब. स्टिअरिंग कंट्रोलची स्वतःची चूकही त्यातच बसवायची असते. म्हणून रुंदीत १५-२० सेंटिमीटरच्या आत राहायला हवं. दिशेत १ अंश चुकला की ११ मीटर लांबीच्या मशीनचं टोक सुमारे १९ सेंटिमीटर सरकतं, तेव्हा दिशा अर्ध्या अंशात हवी. लांबीतली गरज मात्र जागेप्रमाणे बदलते. सरळ ड्राइव्हमध्ये दोन मीटर पुढे-मागे झालं तरी काही बिघडत नाही. क्रॉसकटमध्ये (बाजूला फुटणाऱ्या आडव्या बोगद्यात) वळताना आणि ओअर पासपाशी थांबताना ३० सेंटिमीटर हवेत. ड्राइव्ह ४ मीटरचा असेल तर हे सगळे आकडे आणखी घट्ट होतील.

ओअर पासच्या तोंडाशी मात्र केवळ सॉफ्टवेअरमधल्या जागेवर विसंबू नका. तिथे काँक्रीटचा किंवा स्टीलचा स्टॉप ब्लॉक हवाच. जागा किती का अचूक असेना, तो काढायचा नाही.

आता मागे पडण्याचं कारण. डोळे बांधून दोन्ही हात भिंतींना लावत लांब व्हरांड्यातून चालणाऱ्याला आपण मधोमध आहोत हे कळतं, किती पुढे आलो हे कळत नाही. लायडारचं तसंच होतं. दोन्ही भिंती दिसतात म्हणून रुंदी आणि दिशा पक्की मिळते. पण दोन लागोपाठच्या स्कॅनमधल्या भिंती जवळपास सारख्या असल्या की जुळवणाऱ्या अल्गोरिदमला "हललोच नाही" हे उत्तरही तितकंच पटतं. तो प्रत्येक स्कॅनला थोडं कमी अंतर मोजतो आणि त्याच्या मॅपवर बोगदा आखूड होतो. शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) मारलेल्या गुळगुळीत भागात हे जास्त होतं, उघड्या खडकात कमी.

इथे एक सेटिंग बघा, पैसे लागत नाहीत. बहुतेक ओपन सोर्स पॅकेजमध्ये पॉइंट क्लाउड (लायडारने टिपलेले बिंदू) विरळ करण्याचा व्हॉक्सेल, म्हणजे घनाकार चौकटीचा, आकार मोकळ्या जागेसाठी ठेवलेला असतो, ०.४ मीटरच्या आसपास. ब्लास्ट केलेल्या भिंतीचा खडबडीतपणा असतो १० ते २० सेंटिमीटरचा. लांबीतली माहिती देणारी एकमेव गोष्ट तीच, आणि ०.४ मीटरचा व्हॉक्सेल नेमकी तीच पुसून टाकतो. तो ०.१ मीटरवर आणा. कॉम्प्युटरवर भार वाढेल, तो सोसण्यासाठी लायडारची रेंज ४० मीटरवर कापा. तुमच्या कामाला त्यापलीकडचे पॉइंट फारसे लागत नाहीत.

पुढचं पाऊल म्हणजे अल्गोरिदमला "मला लांबीत कळत नाहीये" हे सांगता येणं. स्कॅन जुळवताना जे मॅट्रिक्स सोडवलं जातं त्याच्या आयगेन व्हॅल्यू (कुठल्या दिशेत स्कॅनमधून किती माहिती मिळते हे सांगणारे आकडे) दर स्कॅनला लॉग करा. जंक्शनवर सगळ्या दिशांच्या व्हॅल्यू एकमेकींच्या आसपास असतात. सरळ ड्राइव्हमध्ये एक दिशा एकदम खाली पडते, आणि तिचा व्हेक्टर काढून पाहिलात तर तो बरोबर बोगद्याच्या लांबीकडे बोट दाखवेल. २०१६ साली जी झांग, मायकेल केस आणि संजीव सिंग यांनी यावर मांडलेला उपाय आज बऱ्याच पॅकेजमध्ये असतो: ज्या दिशेत व्हॅल्यू उंबरठ्याखाली आहे त्या दिशेतली लायडारची दुरुस्ती टाकून द्यायची आणि तिथे दुसऱ्या सेन्सरचा अंदाज तसाच ठेवायचा. उंबरठा तुमच्याच डेटावरून काढा. जंक्शनमधला एक तुकडा आणि शॉटक्रीटमधला एक तुकडा शेजारी ठेवलात की मधली रेघ दिसते. हे केलंत की लायडार खोटं बोलायचं थांबेल. लांबी मोजण्याचं काम मात्र त्यामुळे दुसऱ्या कोणावर तरी येतं, आणि ते यावं चाकांवर.

तुमच्या वर्णनात चाकांचा उल्लेखच नाही. एन्कोडर (चाकांचे फेरे मोजणारा सेन्सर) नसेल तर पहिला खर्च तिथे करा. ट्रान्समिशनच्या आउटपुट शाफ्टवर बसवला तर जागा सुरक्षित मिळते, चिखल लागत नाही आणि शाफ्ट चाकापेक्षा कितीतरी जास्त फिरत असल्याने मोजणी बारीक येते. पण कॅलिब्रेशनशिवाय, म्हणजे माहीत असलेल्या अंतराशी जुळवून घेतल्याशिवाय, ती मोजणी घातक आहे. २६.५ आर २५ मापाच्या टायरचा नवा परीघ साधारण साडेपाच मीटर. ट्रेड (टायरची नक्षी) ३ सेंटिमीटर झिजला की त्रिज्या जवळपास ३.४ टक्के घटते आणि ४०० मीटरवर तेरा-चौदा मीटरची चूक येते. बकेट भरली की पुढचे टायर दबतात. त्रिज्येत १ सेंटिमीटरचा फरक पडला तरी ४०० मीटरमागे साडेचार मीटर गेले. म्हणून फेऱ्यांवरून अंतर काढण्याचे गुणक भरलेल्या आणि रिकाम्या मशीनसाठी वेगळे ठेवावे लागतात. बकेट भरली आहे की नाही हे बूम सिलिंडरच्या प्रेशरवरून कळतं.

निदानासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. झिजलेला टायर तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारतो, घसरणारं चाकही जास्त फेरे मारतं. त्यामुळे कॅलिब्रेशन शिळं झालं की मशीन स्वतःला पुढे समजते, आणि लायडार फसला की मागे. कुठल्या बाजूला चुकतेय हे पाहिलं की गुन्हेगार कोण हे बहुधा लगेच कळतं.

कॅलिब्रेशन असं करा. सर्व्हेअरकडून सरळ भागात १०० मीटर अंतरावर दोन खुणा टोटल स्टेशनने मारून घ्या. मशीन ताशी ५ किलोमीटरने, गिअर न बदलता आणि ब्रेक न मारता एका खुणेपासून दुसरीपर्यंत न्या. जाताना तीनदा, येताना तीनदा, रिकामी आणि भरलेली. दोन्ही स्थितींत आपापली सहा वाचनं अर्ध्या टक्क्यात जुळली नाहीत तर एन्कोडरची बसवणी किंवा टायर प्रेशर तपासा, सरासरी काढून पुढे जाऊ नका. टायर बदलला की हे सगळं पुन्हा, आणि एरवी दर २५० तासांच्या सर्व्हिसला. शक्य असेल तर हा गुणक फिल्टरमध्येच (सगळ्या सेन्सरची वाचनं एकत्र करून जागेचा अंदाज काढणाऱ्या गणितात) एक अज्ञात म्हणून ठेवा. दोन ओळखीच्या खुणांमधलं अंतर मशीन रोज कापते, तेव्हा झीज फिल्टरला आपोआप कळत जाते. हाताने केलेलं कॅलिब्रेशन मग तपासणीपुरतं उरतं.

माल भरताना मात्र चाकांचं काही ऐकायचं नाही. बकेट ढिगात घुसवताना चाकं जागच्या जागी फिरतात आणि एन्कोडर दोन-तीन मीटर सहज पुढे पळतो. त्या काळात, म्हणजे पहिला गिअर, टॉर्क जास्त आणि बकेट सिलिंडरचं प्रेशर चढलेलं असताना, एन्कोडरची अनिश्चितता फिल्टरमध्ये निदान दहापट वाढवा आणि जागा लायडारवर धरून ठेवा. ड्रॉ पॉइंटच्या तोंडाशी जंक्शनची भूमिती भरपूर असते, तिथे लायडार लांबीतही भरवशाचा असतो. समोरचा मालाचा ढीग मात्र मॅपमधून वगळा, तो दर बकेटला बदलतो.

एलएचडी मधोमध वाकते, म्हणून सांध्याचा कोन मोजणारा सेन्सर लागतोच. तुमचा लायडार पुढच्या भागावर आणि आयएमयू मागच्या भागावर असेल तर तो कोन दोघांमधल्या रूपांतरात जायला हवा. हे विसरल्यामुळे वळणावर मॅप फाटलेला बरेचदा दिसतो. पण त्या कोनावरून दिशा काढू नका. पुस्तकातलं सूत्र असं: पुढच्या भागाची दिशा बदलण्याचा वेग म्हणजे वेग गुणिले कोनाचा साइन, अधिक मागची लांबी गुणिले कोन बदलण्याचा वेग, या बेरजेला भागिले पुढची लांबी गुणिले कोनाचा कोसाइन अधिक मागची लांबी. व्हीलबेस ४ मीटर धरा आणि सेन्सरचा शून्य फक्त अर्धा अंश हललेला धरा. प्रत्येक मीटरला ०.१२५ अंश, दहा मीटरमध्ये सव्वा अंश दिशा चुकली. शिवाय हे सूत्र चाकं आडवी घसरत नाहीत असं मानतं, आणि ओल्या तळावर वळताना ती घसरतात. दिशा जायरोकडून घ्या.

त्यासाठी फायबर ऑप्टिक लागेल का? तुमच्या कामाला नाही. ताशी १० अंश बायस (मूळचीच एका बाजूची चूक) असलेला साधा एमईएमएस जायरो पाच मिनिटांच्या फेरीत ०.८३ अंश भरकटतो, पण त्याला पाच मिनिटं एकट्याने काढायचीच नसतात. भिंती दिसत असेपर्यंत लायडार दिशा सतत सुधारत असतो. जायरोने सांभाळायची ती धुळीतली दहा-वीस सेकंदं, आणि वीस सेकंदांत त्याची चूक ०.०६ अंशाच्याही आत राहते. तेवढ्यासाठी काही पट किंमत मोजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी मशीन उभी असेल तेव्हा, एन्कोडर शून्य दाखवत असताना, पाचेक सेकंदांची सरासरी घेऊन बायस दर फेरीला नवा करा. इंजिन चालू असतानाच करा, कारण कंपनांनी बायस बदलतो. पृथ्वीच्या फिरण्याचा उभा घटकही त्यातच वजा होऊन जातो. नागपूरच्या अक्षांशावर तो ताशी सुमारे ५.४ अंश, राजस्थानात थोडा जास्त. मोठा जायरो खरा शोभतो तो लाँगवॉलच्या (कोळशाची लांब भिंत कापत जाण्याच्या पद्धतीतल्या) शिअररवर, म्हणजे कोळसा कापणाऱ्या यंत्रावर. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने लाँगवॉलसाठी विकसित केलेल्या पद्धतीत उच्च प्रतीच्या इनर्शियल युनिटवरच शिअररचा मार्ग मोजला जातो, कारण तिथे मशीनला धरून ठेवायला अशा स्थिर भिंती नसतात.

होकायंत्र आणि बॅरोमीटर हे दोन स्वस्त सेन्सर आयएमयूसोबत फुकट येतात, म्हणून त्यांचा मोह होतो. मशीनचं स्टील, रूफ बोल्ट (छताला आधार देणाऱ्या सळया) आणि जाळी यांमध्ये मॅग्नेटोमीटर काहीही दाखवतो. स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणीत तर खनिजच मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, आहे. मॅग्नेटोमीटर बंदच ठेवा. बॅरोमीटरला १ मीटर उंचीमागे सुमारे १२ पास्कल दिसतात. व्हेंटिलेशनचं दार उघडलं की काही शे पास्कलचा फरक पडू शकतो, म्हणजे उभ्या जागी मशीन एक लेव्हल (खाणीचा एक मजला) खाली गेल्यासारखी वाटेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नातलं यूडब्ल्यूबी. सेन्सर चांगला आहे, पण तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो ते बघा. ४० मीटर दूरचा अँकर समोर असताना मशीन १ मीटर आडवी सरकली तर मोजलेलं अंतर फक्त १.२५ सेंटिमीटरने बदलतं. यूडब्ल्यूबीची स्वतःची चूक १० सेंटिमीटर. म्हणजे रुंदीत तो जवळपास आंधळा आहे, लांबीत मात्र उत्तम. लायडारच्या नेमका उलट. म्हणून ही जोडी जमते, आणि म्हणूनच "लायडार काढून यूडब्ल्यूबी लावू" किंवा "अँकर दुप्पट करू म्हणजे रुंदीही मिळेल" हे दोन्ही विचार सोडून द्यावेत.

पण तुम्हाला लांबीतली दुरुस्ती मुळात किती ठिकाणी हवी आहे? कॅलिब्रेट केलेला एन्कोडर १ टक्क्यात राहतो असं धरा. ज्या भागात दर २५ मीटरला क्रॉसकटचं तोंड आहे तिथे दोन तोंडांमध्ये चूक फक्त २५ सेंटिमीटर साचते आणि पुढचं तोंड दिसताच लायडार ती पुसतो. तिथे काहीही लावायची गरज नाही. खरा प्रश्न उरतो तो मधल्या सलग भागाचा. समजा तो २५० मीटरचा आहे, तर शेवटी अडीच मीटर. मध्ये दोन किंवा तीन खुणा आणि ओअर पासच्या अलीकडे २० मीटरवर एक ठळक खूण, एवढ्यावर भागतं. तेवढ्यासाठी वीज लागणारे अँकर लावण्यापेक्षा मी रिफ्लेक्टर पट्ट्या सुचवेन.

पट्टीचं माप हिशेबाने काढा. ०.५ अंश रिझोल्यूशनच्या लायडारचे दोन किरण २० मीटरवर एकमेकांपासून १७ सेंटिमीटर असतात, तेव्हा १० सेंटिमीटरची पट्टी कधी दिसेल, कधी नाही. ०.२ अंशाच्या थ्रीडी लायडारला तेच अंतर ७ सेंटिमीटर. ३० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर उंच पट्टी ठेवलीत तर तीन-चार किरण पडतात. ती लायडारच्या उंचीवर, दोन रूफ बोल्टच्या आधाराने, भिंतीपासून थोडी पुढे, मशीनकडे तोंड करून लावा. भिंतीला सपाट चिकटवली तर किरण फार तिरका पडतो. एका ठिकाणी दोन पट्ट्या लावा आणि त्यांच्यातलं अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळं ठेवा: इथे १ मीटर, पुढे दीड, त्यापुढे दोन. मग खूण दिसली की ती कोणती हेही कळतं. काही लायडार अशा चमकदार पृष्ठभागाला त्याच्या खऱ्या मापापेक्षा मोठं दाखवतात, म्हणून कडा न घेता मध्य घ्या. धुळीने पट्ट्या महिन्याभरात मंद होतात. पाण्याने धुण्याचं काम शिफ्टच्या यादीत लिहून टाका, आणि शॉटक्रीट मारणाऱ्या टीमला जागा दाखवून ठेवा, नाहीतर त्या एक दिवस काँक्रीटखाली जातील.

यूडब्ल्यूबी तरीही लागू शकतं: धूळ सतत असेल, ड्राइव्हमध्ये इतर वाहनांचीही जागा हवी असेल किंवा पट्ट्यांची निगा राखणं शक्य नसेल तर. सरळ भागात ४०-५० मीटरला एक अँकर आणि प्रत्येक वळणावर एक. जाळीपासून निदान ३० सेंटिमीटर बाहेर. मशीनवर पुढे एक आणि मागे एक असे दोन टॅग (अँकरशी बोलणारी उपकरणं), कारण मशीनचं धूड स्वतःच सिग्नल अडवतं. अडलेल्या सिग्नलची चूक एकाच बाजूची असते, अंतर नेहमी जास्तच येतं. म्हणून फिल्टरमध्ये अपेक्षेपेक्षा लांब आलेल्या वाचनाला लगेच संशयाने बघा, आखूड आलेल्याला थोडी सूट द्या.

पॅसिव्ह आरएफआयडी टॅग (स्वतःची वीज न लागणाऱ्या रेडिओ चिप; आपल्याकडे ८६५-८६८ मेगाहर्ट्झ) जागा सांगायला ढोबळ आहेत, पण एका कामासाठी ते लावाच. बंद पडलेली मशीन ओढून दुसरीकडे नेली आणि तिथे चालू केली तर दोन सारख्या क्रॉसकटमध्ये किंवा दोन सारख्या लेव्हलवर लायडार ठामपणे चुकीची जागा निवडू शकतो. लेव्हलच्या तोंडाशी आणि प्रत्येक क्रॉसकटच्या तोंडाशी एक टॅग असला, आणि टॅग वाचल्याशिवाय स्वयंचलित चालणं सुरूच होऊ दिलं नाही, तर ही चूक टळते.

अँकर किंवा पट्ट्या लावताना एक गुंता होतो, तो आधीच सोडवा. स्लॅमने बनवलेला मॅप थोडा वाकलेला असतो. ४०० मीटरमध्ये दिशा हळूहळू अर्धा अंश सरकली तर दुसरं टोक पावणेदोन मीटर बाजूला जातं. मशीन त्याच मॅपवर शिकली आणि त्याच मॅपवर चालली तर या वाकडेपणाने काही बिघडत नाही. बिघडतं ते खुणांचे निर्देशांक सर्व्हेअरच्या माइन ग्रिडमधून आणल्यावर. मॅप एक सांगतो, खूण दुसरं, आणि फिल्टर दोघांमध्ये हिसके खातो. म्हणून मॅप बनवतानाच दर ५० मीटरच्या सर्व्हे स्टेशनला तो बांधून घ्या आणि मगच खुणा टाका. सर्व्हेअर पहिल्या दिवसापासून तुमच्या टीममध्ये असावा. त्याच्याशिवाय हे काम होत नाही.

वेळेचं गणित बहुतेकांकडून सुटतं. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर. लायडारच्या आणि एन्कोडरच्या वेळेत १०० मिलिसेकंदांचा फरक असेल तर ५६ सेंटिमीटर तिथेच गेले. डेटा कॉम्प्युटरवर पोचल्याची वेळ वापरू नका, सेन्सरने मोजल्याची वापरा. इथरनेटवर पीटीपी (नेटवर्कवरून सगळ्यांची घड्याळं जुळवण्याची पद्धत) चालवा. तुमची लांबीतली चूक वेग वाढवला की वाढते आणि हळू चालवलं की जवळपास नाहीशी होते असं दिसलं, तर आधी इथेच बघा.

धुळीसाठी लायडारचा शेवटचा प्रतिध्वनी घेण्याचा पर्याय चालू करा, पहिला बरेचदा धुळीचा किंवा पाण्याच्या फवाऱ्याचा असतो. भिंतीवरून येणाऱ्या वैध पॉइंटची टक्केवारी सतत मोजा. ती नेहमीच्या निम्म्यावर आली की वेग कमी, त्याखाली गेली की थांबा. ब्लास्टनंतर धूर निघेपर्यंत जर उत्पादन थांबवायचं नसेल तर ७७ गिगाहर्ट्झचा रडार जोडीला घ्या. १ गिगाहर्ट्झ बँडविड्थला त्याचं अंतरातलं रिझोल्यूशन १५ सेंटिमीटर मिळतं, भिंत धरून राहायला पुरेसं. डॉप्लरवरून जमिनीशी सापेक्ष वेगही मिळतो आणि चाकं घसरत आहेत का हे त्यावर पडताळता येतं. कॅमेऱ्यावर मी यात भिस्त ठेवणार नाही. उजेड मशीनचाच असतो, सावल्या मशीनबरोबर हलतात आणि काच चिखलाने भरते.

हे सगळं एकत्र करणारा फिल्टर साधा एक्स्टेंडेड कालमन असला तरी चालेल. त्याला दोन शिस्ती लावा. एक, येणारं प्रत्येक वाचन अपेक्षेशी ताडून पाहा आणि फार दूरचं असेल तर नाकारा. तीन मापांच्या वाचनाला कायस्क्वेअर या संख्याशास्त्रातल्या कसोटीची ९९ टक्क्यांची मर्यादा ११.३४ येते. सलग नाकारणं सुरू झालं तर मात्र चूक वाचनाची नसून तुमच्या जागेची असू शकते, तेव्हा मशीन थांबली पाहिजे. दोन, वेग अनिश्चिततेला बांधा. रुंदीतली अनिश्चितता १५ सेंटिमीटरच्या वर गेली की वेग निम्मा, २५ च्या वर गेली की उभं राहणं. लांबीतली अर्ध्या मीटरच्या वर असेल तर वळायला परवानगी नाही. फिल्टरला आपल्या अज्ञानाचा अंदाज खरा सांगता यायला हवा, म्हणून त्याने सांगितलेली अनिश्चितता आणि प्रत्यक्ष चूक या दोन्हींचे आलेख शेजारी ठेवून पाहत जा.

तपासणी मॅपच्या देखणेपणावरून करू नका. आखूड झालेला बोगदाही स्क्रीनवर सुंदरच दिसतो. जमिनीवर सर्व्हे केलेल्या वीसेक खुणा घ्या, मशीन तिथे थांबवा, एक्सलच्या मध्याचं अंतर टेपने मोजा आणि मशीन काय समजते त्याच्याशी ताडा. सरासरी बाजूला ठेवा, सगळ्यात मोठी चूक कुठे आली ते बघा. मग मुद्दाम बिघाड करा: लायडारवर ओलं पोतं टाका, एन्कोडरची वायर काढा, एक पट्टी झाका, चुकीच्या क्रॉसकटमध्ये सुरू करा. दर वेळी मशीन स्वतःहून थांबते का एवढंच पाहायचं. हे ऑपरेटरचा हात इमर्जन्सी स्टॉपवर ठेवून आणि ड्राइव्ह रिकामा करून.

माणसांच्या सुरक्षेचा भार या यंत्रणेवर टाकू नका. स्वयंचलित भाग गेट आणि लेझर बॅरियरने बंद, बॅरियर तुटला की सुरक्षा सर्किटमधून थेट मशीन बंद, ही व्यवस्था जागा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून पूर्ण वेगळी हवी. आयएसओ १७७५७ हे स्वयंचलित यंत्रांच्या सुरक्षेचं मानक आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारची २०१५ ची स्वयंचलित खाणकामाची आचारसंहिता वाचा, आणि डीजीएमएसशी (खाण सुरक्षा महासंचालनालयाशी) बोलणं मशीन घेण्याआधी सुरू करा.

कामाचा क्रम विचारलात तर: या आठवड्यात व्हॉक्सेल, वेळेची जुळणी आणि आयगेन व्हॅल्यूचा लॉग. नंतर एन्कोडर आणि त्याचं कॅलिब्रेशन. मग मॅप सर्व्हे स्टेशनला बांधणं. एवढ्यानंतर चूक पुन्हा मोजा आणि जिथे उरली असेल तिथेच पट्ट्या लावा. यूडब्ल्यूबीचा निर्णय त्यानंतर.

मँगनीज आणि कोळशाबद्दल. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणींत कट अँड फिल पद्धत आहे, खालची पोकळी वाळूने भरत वर सरकायचं. म्हणजे स्टोपचा (खनिज काढतात त्या पोकळीचा) तळच दर लिफ्टला, म्हणजे दर थराला, वर येतो आणि जुना मॅप टाकाऊ होतो. तिथे ही व्यवस्था लेव्हलवरच्या कायम वाहतुकीला लागू पडेल, स्टोपमध्ये दर लिफ्टला नवा मॅप घेण्याची तयारी ठेवावी लागेल. कोळशात अडचण वेगळी. मिथेनमुळे लायडार, कॉम्प्युटर, अँकर या प्रत्येकाला फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेर न जाऊ देणारं) किंवा इंट्रिन्सिकली सेफ (वायू पेटवण्याइतकी ठिणगीच न पडणारं) म्हणून मान्यता लागते. बाजारातला लायडार जाड काचेच्या फ्लेमप्रूफ पेटीत घातला की काचेवरचे प्रतिबिंब आणि धूळ त्याची रेंज खातात, आणि काळा कोळसा मुळातच किरण कमी परतवतो. कोळशासाठी लायडार निवडताना जाहिरातीतली मोठी रेंज न पाहता डेटाशीटमध्ये १० टक्के परावर्तनाला दिलेली रेंज बघा, आणि पेटीसकट गॅलरीत नेऊन ती प्रत्यक्ष किती उरते ते मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.